चाळीस रुपयांचे पाणी

१९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डोंगरातल्या वाड्यांतून, खाडीकाठच्या गावांतून आणि मुंबईहून हजारो माणसे आली. भाकरी फडक्यात बांधून आणता येते. दोन दिवसांचे पाणी बांधून आणता येत नाही. गावात चार-पाच एकरांचे तळे होते, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या या माणसांनी त्याला हात लावायचा नाही असा रिवाज होता. तेव्हा परिषदेसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. मुंबईच्या गिरणीत साध्या कामगाराला महिनाभर राबून त्या काळी साधारण एवढेच पैसे मिळत. महाडच्या शेतमजुराला तर त्याहून कितीतरी कमी. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा इतिहास सांगताना या रकमेचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो आणि पुढे निघून जातो. पण ‘चांगल्या पाण्यासाठी लोक पैसे मोजतील का’ हा जो प्रश्न आज योजनांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा विचारला जातो, त्याचे उत्तर शोधायला या चाळीस रुपयांपासून सुरुवात करणे मला सयुक्तिक वाटते.

अर्थशास्त्रात या प्रश्नाला ‘पैसे देण्याची तयारी’ असे नाव आहे. सर्वेक्षण करणारा घरी येतो, सुधारित पुरवठ्याचे वर्णन करतो आणि विचारतो, उद्या दारात नळ आला, पाणी स्वच्छ आणि रोज ठरल्या वेळी आले, तर महिन्याला किती द्याल? शंभर? मग दीडशे? मग मिळालेल्या आकड्यांचा कुटुंबाच्या उत्पन्नाशी, शिक्षणाशी, विहिरीच्या अंतराशी मेळ घातला जातो. पद्धत म्हणून यात गैर काही नाही. पण तिच्यात एक गृहीत दडलेले असते: तयारी ही त्या कुटुंबाच्या अंगचीच गोष्ट आहे, जसे त्याचे उत्पन्न किंवा घरातली माणसे. महाड आणि पोलादपूरचा पाण्याचा इतिहास वेगळे सांगतो. इथे पाण्यासाठी मोजण्याची तयारी कधी कमी पडली नाही. लोकांनी घामाने मोजले, वेळेने मोजले, पैशाने मोजले, मानहानीनेही मोजले. कमी पडली ती मोजलेल्याच्या बदल्यात मिळणारी हमी. तयारी माणसाच्या खिशात नसते. माणूस आणि पाण्याचा धनी यांच्यात आजवर जो व्यवहार झाला, त्यातून ती घडते किंवा मोडते.

या भागात पाण्यावर खर्च केल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या एका ब्राह्मी लेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणे, चैत्यगृह आणि भिक्षूंच्या खोल्या दान दिल्याची नोंद आहे, आणि त्याच यादीत लेण्याच्या दोन्ही बाजूंची पाण्याची टाकीही आहेत. ज्या डोंगरावर पावसाळ्यात धबधबे कोसळतात, तिथे दान म्हणून पाण्याची टाकी खोदून द्यावीशी वाटली, कारण आठ महिने कोरडे जातात हे त्या कुमाराला ठाऊक होते. पुढे दीड हजार वर्षांनी याच मुलखात रायगड राजधानी झाला, तेव्हाही गंगासागरासारख्या तलावांची आणि कातळात खोदलेल्या टाक्यांची गरज पडली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्याविषयी जी शिकवण आहे ती या डोंगरांना चपखल बसते. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, आणि गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. दोन्ही ठिकाणी पाण्याची किंमत वरच्याने मोजली, एकाने पुण्यासाठी आणि दुसऱ्याने संरक्षणासाठी. पिणाऱ्याला कोणी काही विचारले नाही, आणि त्याच्याकडून काही घेतलेही नाही.

गडाखालच्या वाड्यांना असा दाता नव्हता. महाड आणि पोलादपूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके; वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर आणि महाडवरून खाडीला मिळते. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये वाडीला प्यायला पाणी नसावे, हे बाहेरच्याला कोडे वाटते. उत्तर जमिनीत आहे. बसाल्टचा कठीण कातळ आणि त्यावर जांभ्या मातीचा पातळ थर. उतार असा की पाऊस मुरण्याआधीच पऱ्ह्यातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला जातो. नदीत पाणी असते, पण ते खाली. वाडी असते वर. शिवाय खालच्या अंगाला भरतीचे पाणी सावित्रीत दासगावपर्यंत आणि त्याही पुढे चढते, त्यामुळे नदी जवळ असलेल्यालाही गोडे पाणी मिळेलच असे नाही. अशा मुलखात एका तळ्याला ‘चवदार’ हे नाव पडावे, यातच गोड्या पाण्याचे मोल कळते.

या भूगोलाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी चुकती केली. ती मोजून पाहण्याजोगी आहे. आज सरकारने ग्रामीण भागासाठी ठरवलेला निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने पावणेतीनशे लिटर लागतात. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेतली तर एका खेपेत फार तर वीस-पंचवीस लिटर येतात; म्हणजे बारा-तेरा खेपा. विहीर आटल्यावर ओढ्याच्या पात्रात डवरा खणायचा, त्यात झिरपणारे पाणी वाटीने कळशीत भरायचे, गढूळ झाले की खाली बसेपर्यंत थांबायचे, आणि मग चढण चढून घरी यायचे. अशी एक खेप अर्ध्या तासाची धरली, तर निकषाइतक्या पाण्यासाठी सहा तास जातात. प्रत्यक्षात कोणी सहा तास देत नाही. घर चार खेपांत भागवते आणि अंघोळ, कपडे, भांडी यांत काटकसर करते. पण त्या चार खेपांचे दोन तासही मोजावेत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर रोजचे दोन तास म्हणजे सुमारे ७४ रुपये, महिन्याला दोन हजारांहून अधिक. ग्रामपंचायतीची वर्षाची पाणीपट्टीसुद्धा सहसा या रकमेच्या आसपास जात नाही. रिकाम्या वेळेला पूर्ण मजुरीचा भाव लावू नये, असे कोणी म्हणेल. तर निम्मा लावा, तिसरा हिस्सा लावा. तरीही उत्तर तेच येते. जे घर पाणीपट्टी देत नाही असे म्हटले जाते, ते घर पाण्यासाठी रोज पट्टी भरते आहे. फक्त ती कोणत्याही वहीत चढत नाही.

वहीत चढणारी पट्टीही इथे जुनी आहे. इंग्रजी अमलात १८६० च्या दशकापासून जमीनसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसवला गेला. रस्ते, शाळा, धर्मशाळा, विहिरी यांची कामे त्या पैशातून होऊ लागली. खोतीच्या मुलखात साऱ्याचा भार शेवटी कुळाच्या धान्यावरच पडे, म्हणजे पैसा सर्वांचा होता. विहीर मात्र सर्वांची नव्हती. दासगावला राहणारे, लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांना १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी त्यांच्यासोबत बसायला नकार दिला. ज्या मंडळाने सार्वजनिक पैशातून विहिरी बांधायच्या, त्या मंडळाच्या खोलीतच ही स्थिती, तर विहिरीच्या काठावर काय असेल ते सांगायला नको.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात जो ठराव मंजूर करून घेतला, त्याचे बळ नेमके याच ठिकाणी आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्यात धर्माची चर्चा नव्हती, दयेची याचना नव्हती. युक्तिवाद तिजोरीचा होता: ज्याच्या बांधणीत सर्वांचा पैसा, त्याच्या वापरात सर्वांचा वाटा. महाड नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तीन वर्षे तळे खुले होते आणि काठावर तीन वर्षे बंद होते. १९२७ च्या मार्चमधले चाळीस रुपये या फटीतून गेले. जे पाणी ठरावाने आधीच त्यांचे होते, तेच त्यांना विकत घ्यावे लागले.

ते तळे कसे होते हे पाहिले की ही फट कशी टिकली ते कळते. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्याचे बारकाईने वर्णन आहे. गावाच्या कडेला असलेले, किमान अडीचशे वर्षे जुने, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर भरणारे हे तळे. भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची घरे, आणि त्या घरमालकांपैकी बऱ्याच जणांकडे काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट आणि बांधाचे तुकडे. अस्पृश्यांचे एकही घर जवळपास नव्हते. म्हणजे पाणी नगरपालिकेचे, पण पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या खाजगी. आजच्या भाषेत सांगायचे तर धरण सरकारचे आणि व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या हाती. २० मार्चला डॉ. आंबेडकर आणि परिषदेतले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी परतणाऱ्यांवर हल्ले झाले. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात तळे खाजगी असल्याचा दावा न्यायालयात दाखल झाला आणि मनाईहुकूम मिळाला. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, वरच्या अपिलातही तो टिकला नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला: अनादि काळापासूनचा रिवाज सिद्ध झालेला नाही.

तयारीच्या प्रश्नासाठी या दहा वर्षांत एक धडा आहे, आणि तो सहसा कोणी काढत नाही. पैसे मोजण्याची तयारी दोन्ही बाजूंनी दाखवली होती. एका बाजूने पाणी मिळावे म्हणून चाळीस रुपये दिले, मग डोकी फुटली, मग वर्षानुवर्षे वकील आणि तारखा. दुसऱ्या बाजूने पाणी दुसऱ्याला मिळू नये म्हणून शुद्धीचा खर्च केला, दावा लावला, दोनदा अपील केले. त्या दशकात एखादा सर्वेक्षक तळ्याकाठच्या घरी गेला असता आणि ‘चांगल्या पाण्यासाठी किती द्याल’ असे विचारले असते, तर आलेल्या आकड्यात दुसऱ्याला दूर ठेवण्याची किंमत किती, हे त्याला वेगळे काढता आले नसते. आकडा खरा असतो. तो कशासाठी आहे हे आकडा सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर पाण्याचा धनी बदलला. अस्पृश्यता कायद्याने गुन्हा ठरली, पाणवठे कागदावर सर्वांचे झाले, आणि पाणी देणे हे सरकारचे काम मानले गेले. विहिरी खोदल्या, हातपंप बसले, नळयोजना आल्या. दरवर्षीच्या टंचाईसाठी आराखडा बनू लागला. या आराखड्याची रीत पोलादपूरच्या कोणत्याही सरपंचाला तोंडपाठ असते: ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीकडे प्रस्ताव, संयुक्त पाहणी, मंजुरी, आणि मग टँकर. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि तळाशी साचलेल्या त्या पाण्यावर पोहरे तुटून पडतात. निकष माणशी २० लिटरचा. घेणाऱ्याला हे पाणी फुकट असते, सरकारला ते सर्वांत महाग पडते, आणि त्याची हमी सर्वांत कमी, कारण ते कधी येईल हे वाडीला कळत नाही. टँकर हा या मुलखाच्या पाणीव्यवहाराचा आरसाच आहे. पैसा भरपूर खर्च होतो, पण पिणाऱ्याच्या हातात हिशेब मागण्याचे साधन काही येत नाही.

१९९२ च्या डब्लिन परिषदेत पाणी हे आर्थिक मूल्य असलेले द्रव्य आहे असे तत्त्व मांडले गेले, आणि त्यानंतर धोरणांची भाषा बदलली. महाराष्ट्राने २००० साली ‘मागणीनुसार योजना’ हे धोरण घेतले: गावाने आधी योजना मागावी, खर्चाचा दहा टक्के वाटा लोकवर्गणीतून भरावा, आणि पुढची देखभाल पाणीपट्टीतून करावी. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशननेही वर्गणीचे तत्त्व ठेवले, मात्र डोंगराळ आणि वनक्षेत्रातल्या गावांसाठी ती पाच टक्क्यांवर आणली. यामागचे तर्कशास्त्र चुकीचे नाही. ज्याने वाटा उचलला तो योजनेची काळजी घेतो, ही गोष्ट गावगाड्याला नवी नव्हती. पण जिथे वर्गणी ठेकेदारानेच भरली आणि गावाने सह्या केल्या, तिथे वाट्याचा अर्थच नाहीसा झाला. दहा टक्के भरले गेले. मालकी मात्र कोणाच्या हाती आली नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे: लोकांना फुकटची सवय लागली आहे. पाणीपट्टीची थकबाकी पाहा, नळाला तोटी नाही, वीजबिल भरले नाही म्हणून पंप बंद. हीच यांची तयारी. थकबाकी खरी आहे. प्रश्न तिच्या कारणाचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक बँकेच्या एका अभ्यासगटाने अनेक देशांत ग्रामीण कुटुंबांची अशी तयारी तपासली. त्यात केरळही होते. तिथे त्यांना एक सापळा दिसला. दर अगदी कमी, म्हणून यंत्रणेकडे पैसा नाही. पैसा नाही म्हणून पुरवठा बेभरवशाचा. पुरवठा बेभरवशाचा म्हणून लोक नळजोडणी घेत नाहीत आणि जास्त द्यायला तयार नसतात. आणि लोक तयार नाहीत म्हणून दर वाढवता येत नाही. मात्र चांगल्या पुरवठ्याची खात्री असेल तर बरीच कुटुंबे जास्त दर द्यायला तयार होती. त्यांना अडवत होती ती जोडणीसाठी एकरकमी भरावी लागणारी रक्कम. नायजेरियातल्या ओनित्शा शहरात याच सुमारास झालेल्या पाहणीत दिसले की लोक टँकरवाल्यांना आणि डबेवाल्या विक्रेत्यांना जे देत होते, ते सरकारी पाणीखात्याच्या वसुलीच्या कित्येक पट होते. म्हणजे थकबाकी हा सवयीचा पुरावा नसून अनुभवाचा आहे. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी आले तर पट्टी न भरणारा माणूस बेजबाबदार नसतो. तो हिशेबी असतो.

हाच माणूस दुसऱ्या ठिकाणी पैसे देतो याचा पुरावा महाड-पोलादपूरच्या प्रत्येक वाडीत आहे. शिमग्याची पालखी, मंदिराचा जीर्णोद्धार, भंडारा, यांसाठी घरटी वर्गणी ठरते आणि ती येते. मुंबईत गिरण्यांपासून आजच्या नोकऱ्यांपर्यंत पोटासाठी गेलेल्या माणसांनी आपापल्या गावची मंडळे काढली, आणि त्या मंडळांच्या पैशातून गावाकडे देवळे झाली, सभागृहे झाली, विहिरी झाल्या, डोंगरातल्या झऱ्यावरून उताराने पाइप आणून टाक्या भरल्या गेल्या. उत्पन्न तेच, घर तेच, माणूस तोच. पंचायतीची पट्टी थकवणारा माणूस गावकीची वर्गणी बिनबोभाट का देतो? कारण गावकीच्या पैशाचा हिशेब बैठकीत सर्वांसमोर होतो, वसूल करणारा आणि खर्च करणारा रोज दिसतो, आणि काम झाले नाही तर तोंडावर विचारता येते. मी हमी म्हणतो ती हीच.

मग पाणी गावकीकडेच सोपवा, असे म्हणणारे आहेत. इथे दुसरा आणि जास्त गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. जी गावकी वर्गणी वसूल करू शकते, ती माणसाला वाळीतही टाकू शकते. रायगड जिल्ह्यात सामाजिक बहिष्काराची प्रकरणे २०१४-१५ च्या सुमारास इतकी पुढे आली की महाराष्ट्राला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला; तो २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. सार्वजनिक सोयींचा वापर करू न देणे हा त्या कायद्यात बहिष्काराचाच प्रकार मानला आहे. चवदार तळ्याच्या तालुक्यात नव्वद वर्षांनीही पायरी कोणाच्या ताब्यात हा प्रश्न संपलेला नव्हता. म्हणून हमीला दोन पाय हवेत. गावकीकडून घ्यायचा तो उघडा हिशेब. कायद्याकडून घ्यायचा तो कोणालाही न तोडता येणारा हक्क. नुसत्या कायद्यावर उभे राहिले तर टँकर होतो, नुसत्या गावकीवर उभे राहिले तर खाजगी घाट.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. पाणी हा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१० साली तसे जाहीर केले, आपल्या न्यायालयांनी जगण्याच्या हक्कात तो वाचला. मग हक्काची किंमत विचारायची कशी? महाडचा लढा तर पैशासाठी नव्हताच, डॉ. आंबेडकरांनीच स्पष्ट केले होते की तळ्यावर जायचे ते नुसते तहान भागवायला नव्हे, आपणही माणूस आहोत हे प्रस्थापित करायला. हे सारे बरोबर आहे. पण यातून ‘पाणी फुकट हवे’ हा निष्कर्ष निघत नाही. बोले यांच्या ठरावाने हक्क सिद्ध केला तो सर्वांनी मोजलेल्या पैशाच्या आधारे. महाडमध्ये हक्क आणि पैसा एकमेकांचे शत्रू नव्हते. हक्काचा पहिला कायदेशीर आधारच पैसा होता. अन्याय पैसे घेण्यात नव्हता, पैसे घेऊनही पायरीवर पाऊल ठेवू न देण्यात होता. ज्या घराकडे खरोखर नाही त्याला सवलत द्यावी, जगण्यापुरते पाणी कोणाचेही थकबाकीसाठी तोडू नये. एवढे पथ्य पाळले, तर उरलेल्यांनी भरलेली पट्टी हक्काला बळकटीच देते. पट्टी भरणारा तक्रार करू शकतो. फुकट घेणाऱ्याला उपकार मानावे लागतात.

चौथा आक्षेप पद्धतीचा आहे. सर्वेक्षणात लोक काहीही आकडा सांगतात. प्रत्यक्ष बिल आले की हात मागे घेतात. ही शंका अर्थशास्त्रज्ञांनीही गांभीर्याने घेतली. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून तेल सांडले, तेव्हा निसर्गाच्या नुकसानीचे मोल लोकांना विचारून ठरवता येईल का, हा वाद पेटला. केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्यांच्या समितीने १९९३ मध्ये सांगितले की येईल, पण अटींवर: थेट आकडा विचारू नये, ठरलेल्या रकमेला हो की नाही असे विचारावे, आणि हा पैसा दुसऱ्या खर्चातून कापला जाणार याची आठवण करून द्यावी. महाड-पोलादपूरसाठी मी यात आणखी एक अट घालीन. तोंडी उत्तराशेजारी त्या घराचा प्रत्यक्ष खर्च लिहावा: किती खेपा, किती तास, टँकर आला नाही तेव्हा काय केले. जिथे बोलणे आणि करणे जुळत नाही, तिथे करण्यावर विश्वास ठेवावा.

करण्याचा ताजा पुरावा शहरातही दिसतो. महाडला औद्योगिक वसाहत आली तेव्हापासून सावित्रीच्या पाण्याविषयी शंका घर करून आहे. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याच्या तक्रारींनी नदीचे नाव बातम्यांत येत राहिले. त्याच औद्योगिक वसाहतीसाठी पोलादपूर तालुक्यात राणबाजिरे धरण बांधले गेले. कारखान्यासाठी धरण वेळेत होते आणि वरच्या वाडीसाठी टँकर उशिरा येतो, ही तुलना करायला लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आणि पाणी ओसरल्यावर चहूकडे चिखल असलेल्या शहराला प्यायचे पाणी बाहेरून आणावे लागले. ज्याला परवडते तो आज वीस लिटरचा जार घेतो. जार ही पैसे देण्याच्या तयारीची पावतीच आहे, आणि त्याच वेळी नळावरच्या अविश्वासाचीही. तयारी आहे, ती सार्वजनिक नळाकडून निघून खाजगी जाराकडे गेली. ती परत आणायची तर जाहिरातीने येणार नाही. रोज ठरल्या वेळी आलेल्या पाण्याने येईल, आणि ग्रामसभेत वाचून दाखवलेल्या जमाखर्चाने येईल.

१९ मार्च १९२७ ला जे चाळीस रुपये दिले गेले त्यांत दोन दिवसांची तहान भागली, पण पुढच्या घोटाचा हक्क त्यांत नव्हता. विकणाऱ्याने मनात आणले असते तर दुसऱ्या दिवशी पाणी नाकारता आले असते, आणि विचारायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी तळ्यावर ओंजळीतून जे पाणी प्याले गेले त्याला पैसा पडला नाही, तरी दहा वर्षे त्याची किंमत फेडावी लागली. त्याच्या बदल्यात मात्र विचारायची जागा मिळाली. पाणीपट्टीच्या पावतीने ती जागा द्यायला हवी. म्हणून पुढच्या वेळी कोणी पोलादपूरच्या वाडीत वही घेऊन बसेल आणि ‘महिन्याला किती द्याल’ असे विचारेल, तेव्हा आकडा लिहिण्याआधी समोरची बाई उलट विचारील ते तीन प्रश्न त्याने वहीत लिहावेत: पैसे कोणाच्या हाती द्यायचे, पाणी किती वाजता येणार, आणि नाही आले तर कोणाच्या दारात जायचे. या तिन्हींची उत्तरे तिला मिळाली, तर चौथे उत्तर, आकड्याचे, ती फार वेळ न लावता देईल.